धर्मशाळेच्या पत्त्यावरची पत्रं

कुमुद, तुझी पत्रं माझ्याकडे होती.

एवढं एक वाक्य तुझ्यासमोर बोलायला मला तीन महिने मिळाले होते. मी बोललो नाही. गेल्या आठवड्यात तुझं दुसरं मासिक श्राद्ध झालं. "माझं काही करत बसू नकोस हं अण्णा," तू नेहमी बजावायचीस, "तुझ्या मंत्रांनी माझी झोपमोड होईल." तरी मी केलंच. सगळं यथासांग केलं. भाऊ म्हणून केलं आणि काशीच्या या दुर्गाघाटावर दुसऱ्या कुठल्या भटजीला मी तुझ्याजवळ फिरकू दिलं नसतं म्हणूनही केलं. पिंड ठेवताना तू मागून काहीतरी टोचून बोलशील असं वाटत राहिलं. कुणी बोललं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझ्या विभागात शोकसभा झाली. तुझी पदकं, तुझे शोधनिबंध, रक्ताच्या कर्करोगावर तू केलेलं काम, सगळं सगळ्यांनी नीट सांगितलं. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडून नाही म्हणालो. लोकांना वाटलं, भावाला हुंदका आवरेना. हुंदका होताच, पण मुख्य म्हणजे लाज होती.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला अधूनमधून राग येईल, पण मध्ये तोडू नकोस. तशीही तू मला कधी एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

रविवारी दुपारी तू आमच्याकडे जेवायला यायचीस, आणि पानं उचलली की त्याच जागेवर तुझं दुकान मांडायचीस. रुग्णाच्या हाडातला रस काढून, त्यातल्या पेशी वाढवून, सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले ते फोटो. त्यांतली गुणसूत्रं तू नखं कापायच्या बारीक कात्रीनं एकेक कापायचीस आणि तुझी वहिनी त्यांच्या जोड्या लावायची. तिची नजर तुझ्यापेक्षा तेज, हे तू स्वतः कबूल करायचीस. "वहिनी, तुम्ही माझ्या डिपार्टमेंटला चला. तिथे एम.डी. झालेली मुलं आठवी आणि दहावी जोडी ओळखत नाहीत." तुमच्या विभागात कॉम्प्युटर येणार म्हणून दोन वर्षं एक टेबल रिकामं ठेवलं होतं. कॉम्प्युटर काही आला नाही आणि तुझी कात्री चालत राहिली.

मी लोडाला टेकून चिडवायचो, "काय गं, पत्रिका जुळवतेस?"

"हो, पत्रिकाच. पण माझ्या पत्रिकेत जे दिसतं ते खरं असतं."

मग एकदा तू मला जवळ बोलावून दाखवलंस. पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा सतराव्यावर जाऊन बसलेला, आणि सतराव्याचा पंधराव्यावर. "घरं बदलली बघ यांनी. एवढ्यावरून रक्तातल्या पेशी अडून बसतात, वयातच येत नाहीत. पोरकट राहतात आणि नुसत्या वाढतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, आणि माणूस दोन-तीन आठवड्यांत जातो. पण अण्णा, आता यावर औषध आहे." अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातल्या त्या कॅप्सूल तू कुणाकुणाला पत्रं लिहून, विनवण्या करून मिळवायचीस. त्या दिल्या की पोरकट पेशी शहाण्या होतात, मोठ्या होतात. हे सांगताना तुझा चेहरा असा फुलायचा की मला आपली आई आठवायची.

त्या फोटोतलं रक्त कमलावतीचं होतं. पूर्वेकडच्या आरा शहराजवळची विशीतली सून, घरी वर्षाचं मूल सोडून आलेली. तिची सासू वॉर्डाच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की पोरीच्या माहेरचं रक्तच खराब. तू तिला हाताला धरून आत नेलंस, फोटो दाखवलास. "अम्मा, ये न मायके का है, न ससुराल का. ये बीच में हुआ है, अपने आप. किसी का दोष नहीं." सासूला गुणसूत्र काय कळणार? पण तुझा आवाज कळला. पाच आठवड्यांनी कमलावती स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली. त्या रविवारी तू दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्यास.

आणि मग ती परत आली नाही.

तू मला समजावलं होतंस की नुसत्या कॅप्सूलनं भागत नाही. पुढचं औषध वेळेवर घेतलं नाही तर रोग दबा धरून बसतो आणि परत येतो. पण माणसाला बरं वाटायला लागलं की तो कशाला येतोय दवाखान्यात? तू पत्रं पाठवायचीस. प्रत्येकाला स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात, हिंदीत पोस्टकार्ड. उत्तर यायचं नाही. तुझ्या वहीत त्या नावांपुढे तू "हरवले" असं लिहायचीस आणि दर वेळी लिहिताना ओठ चावायचीस. "मेले का जिवंत आहेत तेवढं तरी कळू दे रे. मेले असतील तर माझं औषध चुकलं. जिवंत असतील तर त्यांना परत आणायचंय. दोन्हीतलं काहीच कळत नाही, तर मी करू काय?"

त्याच वेळी तू माझ्या वह्या मागितल्यास.

आपल्या घरात सात पिढ्यांच्या वह्या आहेत, लाल बासनात बांधलेल्या. कुठल्या गावचा कोण यजमान काशीला आला, बरोबर कोण होतं, कुणाचं श्राद्ध केलं, सगळं त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. तुझं म्हणणं सरळ होतं. "तुम्ही लोक शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलेल्याचा पणतू शोधून काढता. मला गेल्या वर्षीचा पेशंट सापडत नाही. मला शिकव. आरा-बलियाकडचे यजमान ज्यांचे, त्या पंड्यांकडे घेऊन चल. त्यांच्या वह्या बघू दे."

मी म्हणालो, वही घराबाहेर जात नाही. परक्यानं पाहायची नसते. एका पंड्यानं दुसऱ्याच्या वहीला हात लावायचा नसतो, मग डॉक्टरचं काय घेऊन बसलीस? तू म्हणालीस, मी परकी? मी म्हणालो, वहीपुरती होय. तुझं तोंड उतरलं. तेव्हा दिसलं नाही असं दाखवलं, पण ते मला दिसलं होतं.

मग तो पितृपक्षातला दिवस. नगरकडचे एक यजमान आले होते, पांढरेफटक पडलेले, जिना चढताना धापा टाकत होते. मी त्यांना पितृदोष सांगितला, विधी सांगितला. तू मागे उभी होतीस. पंधरा माणसांच्या देखत तू त्यांची पापणी खाली ओढून पाहिलीस आणि मला म्हणालीस, "अण्णा, यांच्या पितरांना आराम करू दे. यांना रिक्षात घाल, मी घेऊन जाते." माझ्या ओसरीवर, माझ्या यजमानांसमोर! मी तुला नको ते बोललो. तू ऐकून घेतलंस आणि त्या गृहस्थांना घेऊन गेलीस. त्यानंतर आपला अबोला. तुझी वहिनी दोन रविवार जेवली नाही नीट.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी आपल्या गल्लीच्या ब्रह्माघाटाकडच्या तोंडाशी असलेल्या धर्मशाळेचे मिसिरजी आले. हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला. "पंडितजी, ई सब आपके बहिनी क लिखल हौ. जेकर नाव हौ, ऊ लोग त कब के चल गइलन. डाकिया फेंक जाला, हम रखले रहली."

मी वरचं कार्ड पाहिलं आणि एका नजरेत सगळं लक्षात आलं. "श्रीमती कमलावती देवी, धर्मशाळा, ब्रह्माघाट, वाराणसी." तुझ्या त्या दवाखान्यातला बाबू खिडकीतून विचारत असणार, "पता?" आणि आजाऱ्याला घेऊन आलेली माणसं, चार दिवस जिथे पथारी टाकली तिथला पत्ता सांगत असणार. फॉर्मवरचा तो पत्ता तू तसाच कार्डावर उतरवत गेलीस. आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात की काशीत आलेल्या माणसाला पत्ता विचारायचा नाही. घर विचारायचं, टोला म्हणजे गावातली वस्ती विचारायची, बाप कोण, आजा कोण, डाकघर कुठलं. पत्ता विचारला की तो उतरलेली जागा सांगतो. एवढी शिकलेली माझी बहीण, माणसाच्या पेशीत शिरून कुणी घर बदललं ते शोधणारी, आणि माणसाचं घर तिनं विचारलंच नव्हतं. वर्षभर ती माझ्या दारापासून वीस पावलांवर पत्रं पाठवत होती!

कुमुद, मी हसलो. खरं सांगतो. तुझ्यावर एक डाव मिळाला म्हणून मला बरं वाटलं. म्हटलं, येऊ दे हिला. येऊन विचारू दे. तेव्हा गठ्ठा पुढे टाकेन आणि म्हणेन, बघ, भटाला काय कळतं ते. मी तो वह्यांच्या बासनात ठेवून दिला.

मग कार्तिक आला. पंचगंगेवर आकाशदिवे लागले, यजमानांची रीघ लागली. संक्रांतीला तू आलीस, जणू काही झालंच नव्हतं अशी. तीळगूळ दिलास, वहिनीला कात्री दाखवून म्हणालीस, "नवी आणलीय, रविवारी येते." बासन माझ्या डोक्यावरच्या फळीवर होतं. हात वर केला असता तर पुरे होतं. तेवढ्यात खालून कुणी हाक मारली आणि मी म्हटलं, रविवारी देऊ.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी तू हॉस्पिटलला जाताना रिक्षातच गेलीस. छातीत कळ आली म्हणे. रोज इतरांचं रक्त तपासणाऱ्या बाईनं स्वतःची नाडी कधी पाहिली नाही. यावर मी तुझ्याशी कडाकडा भांडणार होतो.

मासिक श्राद्ध झालं आणि मी गठ्ठा सोडला. कमलावतीच्या नावाची तीन कार्डं. शेवटच्यात तू लिहिलं होतंस, "बेटी, अच्छी हो तब भी आओ. अच्छी हो इसीलिए आओ." ते वाचलं आणि मी उठलो. तुझ्या वहिनीनं विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, कुमुदच्या कामाला.

आऱ्याकडच्या यजमानांचे पंडा म्हणजे पंचगंगेचे लल्लन गुरू. त्यांचं माझं गेली वीस वर्षं रामरामापलीकडे काही नाही. मी जाऊन उभा राहिलो, सगळं सांगितलं. गठ्ठ्याचंही सांगितलं. त्यांनी पानाचा तोबरा गालात सरकवला आणि शांतपणे म्हणाले, "बही त बहरे ना जाई, गुरू. ई त तूहूं जानत हउआ."

माझंच वाक्य. अगदी तुला सुनावलं होतं तेच. आणि माझ्या तोंडून निघालं, "बाहेर नको. मी हातही लावत नाही. तुम्ही वाचा, मी ऐकतो."

इतकं सोपं होतं गं. तू पाटावर बसली असतीस, मी वाचलं असतं. वही कुठेही गेली नसती.

पण वही उघडायच्या आधीच उत्तर आलं. नाव ऐकताच लल्लन गुरूंनी मांडीवर थाप मारली. "अरे, ऊ? खून के कैंसर वाली? कातिक में त आइल रहलिन सब! लइका क मुंडन, आ गंगाजी के आर-पार माला!" सून बरी झाली तर मुलाचं जावळ काशीत काढू आणि गंगेला या काठापासून त्या काठापर्यंत फुलांची माळ घालू, असा त्या सासूचा नवस होता. मग त्यांनी वही काढून वाचली. तिच्या नवऱ्याची, शिवमुनीची सही होती आणि खाली गाव, टोला, डाकघर. कमलावती जिवंत होती, कुमुद. कार्तिकात, नावेतून माळ सोडत, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. आणि तिच्या नावाची तीन पत्रं माझ्या बासनात.

पत्र टाकून मी वाट पाहणार नव्हतो. पत्रांवरचा माझा विश्वास उडाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आरा गाठलं, तिथून बस, मग बांधावरून पायपीट. वाटेत एकच विचार होता, की सासू ऐकायची नाही. झालंही तसंच. म्हातारी म्हणाली, "गंगा मइया ठीक कइली. मनौती उतर गइल. अब अस्पताल काहे?" कमलावती हातपंपाशी उभी होती. अंगानं भरलेली, डोळे स्वच्छ. तीही म्हणाली, "हम त ठीक बानी, बाबा."

तुला खरं सांगतो, एक वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. "मनौती अधूरी है." काशीच्या ब्राह्मणानं एवढं म्हटलं असतं तर ती माणसं त्याच पावली माझ्याबरोबर निघाली असती. मी आयुष्यभर अशी वाक्यं बोललोय. काम झालं असतं, आणि तू मला कधी क्षमा केली नसतीस. नगरच्या त्या गृहस्थांची पापणी ओढणारा तुझा हात मला दिसला. मी वाक्य गिळलं.

खाटेवरून उतरून मी जमिनीवर बसलो. म्हटलं, अम्मा, तुमची सून गंगेनं बरी केली का औषधानं, यावर मी भांडत नाही. पण डॉक्टरीणबाईंनी तिला तीन वेळा बोलावलं होतं. ती पत्रं तुम्हाला मिळाली नाहीत, कारण पत्ता चुकला होता, आणि चुकलेली पत्रं माझ्या घरात पडून होती. मी त्यांचा भाऊ. रागावून दिली नाहीत. त्या आता नाहीत. रोग आत दडलेला असू शकतो, असं त्या सांगत होत्या. तो नसला तर मी तुमचा अपराधी नाही. असला तर आहे. माझ्यासाठी एकदा चला. कार्डं तिच्या पुढ्यात ठेवली. कमलावतीला वाचता येतं. तिनं तिसरं कार्ड मोठ्यानं वाचलं. म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. मग मला म्हणाली, "डागदरनी मर गइली? हमार हाथ पकड़ के भीतर ले गइल रहली." थोड्या वेळानं तिनं मुलाला सांगितलं, "बाबा के खाना खिलावऽ. बिहान जाए के बा." उद्याच निघायचं ठरलं.

परवा सकाळी त्यांना घेऊन तुझ्या दवाखान्यात गेलो. रात्री आपल्याकडेच उतरली होती सगळी. तुझी ती शिष्या निखत आता तुझ्या टेबलावर बसते, तुझ्या खुर्चीवर मात्र अजून बसत नाही, बाजूचं स्टूल ओढून घेते. फोटो निघाले की कापून द्यायला तुझी वहिनी तयार आहे. नवी कात्री तिनं दुसऱ्या कशाला वापरू दिलेली नाही. अहवाल काय येईल ते मला ठाऊक नाही. वाईट आला तर पुन्हा कॅप्सूल, पुन्हा सगळं. चांगला आला तर राहिलेलं औषध. निखतनं मला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या आहेत, आणि दोन्हींसाठी मी येणार आहे. गठ्ठ्यातली बाकीची कार्डं मी जिल्ह्यांप्रमाणे लावली आहेत. बलियाच्या पंड्यांशी बोलणं झालंय. गाझीपूरवाले आढेवेढे घेतायत, पण मीही तुझाच भाऊ आहे. लल्लन गुरू म्हणाले, हम संगे चलब.

पितृदोषाचा वाद आपला राहिलाच. मी पूर्ण सुधारलोय असं समजू नकोस. माझं अजूनही म्हणणं आहे की तुला सगळं कळत नव्हतं. पण ओसरीवर धाप लागलेला माणूस आला की आता मी आधी रिक्षा बोलावतो.

परवा आत जाण्याआधी खिडकीपाशी कमलावतीचा नंबर आला. बाबूनं मान खाली घालूनच विचारलं, "नाम?" तिनं सांगितलं. "पता?"

"दुर्गाघाट, पंडितजी के घरे," ती म्हणाली.

मी पुढे झालो. म्हटलं, "खोडा ते. ते तिचं घर नाही. मी सांगतो, लिहा." गाव सांगितलं, टोला सांगितला, डाकघर, ठाणं, नवरा, सासरा, आजेसासरा. बाबू वैतागला. "इतना जगह नहीं है फारम में. आप मरीज के कौन लगते हैं?"

"डॉक्टर के भाई लगते हैं," मी म्हणालो.

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग अर्धा भरलेला फॉर्म बाजूला ठेवला, नवा काढला आणि म्हणाला, "फिर से बोलिए. कौन टोला?"